खानखानाचे पाणी

जळगाव, ९ जानेवारी १९३८

आबा,

नमस्कार तुमच्या पायाशी ठेवते. घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

दिवाळीपासून लिहिलेल्या एकाही पत्राचे उत्तर आलेले नाही. पण एकही पत्र परत आले नाही, म्हणजे तुम्ही ती घेता, आणि घेता म्हणजे पंडित मास्तर ती वाचून दाखवत असणार. म्हणून हे पत्र दोघांना आहे असे समजते. मास्तर, मला बाराखडी तुम्हीच शिकवली, तेव्हा माझ्या अक्षराला नावे ठेवू नयेत. आणि मधले गाळू नये. अवघड मजकूर आला की तुम्ही खोकता आणि पुढच्या ओळीवर जाता. गावातल्या सगळ्यांची पत्रे तुम्ही अशीच वाचलीत. माझे तसे वाचू नका.

कळवायचे असे की येत्या रविवारी आमच्या शाळेच्या वरच्या वर्गातल्या मुलींना बऱ्हाणपूरला न्यायचे ठरले आहे. सकाळच्या गाडीने जायचे आणि रात्र पडायच्या आत परत यायचे. तिथली जुनी मशीद, किल्ल्यातले न्हाणीघर आणि मोगलांच्या वेळची पाण्याची व्यवस्था पाहायची आहे. मोठ्या बाई प्रमिलाबाई म्हणतात, मुली इतिहासात ज्या शहराचे नाव पाठ करतात ते दोन स्टेशनांपलीकडे असल्यासारखे जवळ आहे, आणि एकीनेही पाहिलेले नाही. त्या स्वतः येत आहेत. मुलींच्या पालकांना चिठ्ठ्या गेल्या आहेत.

बऱ्हाणपूर म्हटल्यावर तुमच्या मनात जे येईल तेच माझ्याही मनात आले. मी अक्काच्या घरी जाणार आहे. चोरून जायचे नाही, म्हणून आधी लिहिते.

मास्तर, इथे खोकू नका.

गेल्या आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला, अक्का माहेरी आली तेव्हा काय ठरले ते घरात सगळ्यांना माहीत आहे, तरी मी कसे समजले ते एकदा लिहून ठेवते. अक्काला मूल नाही. तिच्या सासूबाई, यशोदाबाई, तोताराम भावजींचे दुसरे लग्न करणार. तुम्ही म्हणालात, सवत यायचीच असेल तर परकी कशाला, धाकटी बहीणच देऊ, म्हणजे ताईला जाच नाही. तुमच्या मनात अक्काचे भलेच होते, यात मला कधी शंका आली नाही. मी नाही म्हटले. तुम्ही म्हणालात, "मंग या घरात तुले जागा नही." मी व्हर्नाक्युलर फायनल पास होते म्हणून मला इथे शाळेत शिकवायची जागा मिळाली. तुम्हीच मला शाळेत घातले नसते तर तीही मिळाली नसती.

आता तिथे परकी मुलगी शोधत आहेत असे ऐकते. म्हणजे मी नाही म्हटल्यामुळे अक्काचा त्रास वाढणार असेल का, हे मी रोज तपासून पाहते. माझ्याकडून उत्तर निघत नाही. ते अक्काच देऊ शकते. एवढ्यासाठी जायचे आहे.

शुक्रवारपर्यंत नको असे पत्र आले तर मी मुलींबरोबर जाईन, पण अक्काच्या गल्लीत पाऊल टाकणार नाही. काहीच आले नाही तर परवानगी आहे असे समजेन. शाळेत पालकांच्या बाबतीत हीच रीत आहे.

गुडघ्याला तेल लावत जावे. आत्याला नमस्कार.

मंजुळा


जळगाव, १७ जानेवारी १९३८

आबा,

शुक्रवारी काही आले नाही. रविवारी जाऊन आलो.

पाहिले तसे क्रमाने लिहिते. मधे घरचे येईल, तिथे मास्तरांनी आवाज उतरवावा. भिकुबाई आत्याला मात्र बाहेर पाठवू नये. भिंतीआडून ऐकण्यापेक्षा तिने समोर बसून ऐकलेले बरे.

बऱ्हाणपूरचे स्टेशन गावाबाहेर लालबागेत आहे. तिथे आम्हाला न्यायला करीमुद्दीन मास्तर आले होते. ते तिथल्या उर्दू शाळेत शिकवतात आणि आलेल्या पाहुण्यांना शहर दाखवणे हा त्यांचा शौक आहे. काळी टोपी, आणि थंडीतही हातात छत्री. ती ते उघडत नाहीत, तिने दाखवतात. ते खूप बोलतात. मला वाटले मुलींच्या वह्यांत काही चुकीचे जाऊ नये, म्हणून मी दर वेळी विचारत होते, हे कुठे लिहिलेले आहे की ऐकलेले? शेवटी ते थांबून म्हणाले, "बाईजी, आधा लिखा है, आधा सुना है. दोनों को साथ बैठने दो, झगड़ा नहीं करेंगे." प्रमिलाबाई हसल्या. त्यानंतर मी कमी विचारले.

आधी पाणी पाहिले, कारण ते स्टेशनाजवळच आहे. त्याला खुनी भंडारा म्हणतात. नाव ऐकून सुनंदा नावाची मुलगी टांग्यातून उतरेना. "इथं कुणाचा खून झाला, बाई?" करीमुद्दीन मास्तर म्हणाले, "किसी का नहीं, बेटी. कहते हैं पानी में लाली थी. नाम से डरोगी तो प्यासी रह जाओगी."

माळावर दगडी काठांच्या गोल विहिरी एका ओळीत जात राहतात. पण त्या वेगवेगळ्या विहिरी नाहीत. वाकून पाहिले तर तळाशी पाणी उभे नसते, चालत असते. सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपलेले पाणी जमिनीखालच्या भुयारातून एका कुंडीतून दुसरीत, असे उताराने शहराकडे जाते. जहांगीर बादशहाच्या वेळी इथे खानखाना सुभेदार होता, त्याच्या काळातले हे काम. मोट नाही, रहाट नाही. गावात ते नळांनी फिरते आणि घरोघर पोचते. करीमुद्दीन मास्तरांनी वरून एक वाळलेले पान टाकले. ते खाली टेकले आणि आमच्या डोळ्यांदेखत भुयारात शिरून गेले. मुली पुढच्या कुंडीकडे धावल्या, ते येते का पाहायला.

मी विचारले, "हे पाणी कोणाचे?" मालक कोण, असे मला विचारायचे होते. ते म्हणाले, "पानी खुदा का, रास्ता खानखाना का, घड़ा अपना-अपना." हे कुठे लिहिले आहे असे मी विचारले नाही.

तिथून गावात गेलो. जामा मशीद काळ्या दगडाची आहे, दोन उंच मिनार, आत कमानींमागे कमानी. छताला कुठे लाकूड नाही. नमाजाची वेळ नव्हती आणि परवानगी आधी काढलेली होती. मुलींनी डोक्यावरून पदर घेतले, ज्या परकरात होत्या त्यांनी रुमाल बांधले. एका टोकाच्या भिंतीवर वर अरबी लेख आहे आणि त्याच्याखाली संस्कृत, आपल्या नागरी अक्षरांत. तो मशीद बांधणाऱ्या फारुकी राजानेच कोरून घेतला आहे. मुली मोठ्याने वाचू लागल्या. अर्थ कोणाला कळला नाही, पण अक्षरे ओळखीची म्हणून सगळ्या हसत होत्या. सुनंदा म्हणाली, "मशिदीत आपली अक्षरं कशी आली?" करीमुद्दीन मास्तर म्हणाले, "सोचा होगा, जो पढ़ने वाला आए, ख़ाली हाथ न जाए." मग माझ्याकडे वळून, मी विचारायच्या आत, "यह मेरा है. न लिखा, न सुना." मी लेख उतरवून घेतला. दोन ठिकाणी अक्षर लागले नाही, तिथे जागा मोकळी ठेवली आहे.

मास्तर, आता आवाज उतरवा.

अक्काचे घर मशिदीपासून जवळ आहे. प्रमिलाबाईंनी आधीच निरोप धाडला होता, मुली संक्रांतीचा तिळगूळ घ्यायला येतील म्हणून. भावजी सरकी काढायच्या जिनात कामाला गेले होते. कापसाच्या दिवसांत रविवार नसतो असे सासूबाईंनी सांगितले. त्यांनी मुलींचे स्वागत चांगले केले. ओट्यावर सतरंजी घातली होती. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आली का शिकेल सून? सून म्हनू का नको? तू तं पयलेच पाय काढला." मी नमस्कार केला.

अक्का बारीक झाली आहे. हसली. पाण्याचा हंडा बाहेर आणला आणि मुलींना एकेक पेला देऊ लागली. मुली तहानल्या होत्या, गटागटा प्याल्या. मग तिने माझ्या हातात पेला दिला.

आबा, मला सांगता येत नाही कसे झाले. मी पेला धरला आणि तोंडाला लावला नाही. लेकीच्या पोटी मूल होईपर्यंत माहेरच्यांनी तिच्या घरचे पाणी प्यायचे नाही, हे आत्याने लहानपणापासून इतक्यांदा सांगितले आहे की माझा हात आपोआप थांबला. तुम्ही दर वेळी बऱ्हाणपूरला जाताना सोबत सुरई नेता, ती डोळ्यांपुढे आली. ही रीत बापाला असते की बहिणीलाही, ते मला नक्की माहीत नव्हते. मी उभ्या उभ्या तेवढाच विचार करत होते.

यशोदाबाईंनी पाहिले. प्रमिलाबाईंना म्हणाल्या, "पाह्यलं बाई? मी काही येगळं बोलते का? हिचा बाप आला का अंगनात बसते, अन् आपल्या सुरईतलं पानी पेते. आता धाकटी बी तेच. माहेरचेच या घराले रिकामं धरतात. मंग मी दुसरी आनली तं माह्यं काय चुकलं?"

मुली पेले हातात धरून माझ्याकडे पाहू लागल्या. तेव्हा मला सकाळचे आठवले. मी म्हटले, "मावशी, तसं नाही. हे पाणी तुमच्या घरचं नाहीच. आम्ही आत्ताच पाहून आलो. हे सातपुड्यातून येतं, खानखानाच्या भुयारातून. साऱ्या गावाचं एकच पाणी. त्याला रीत लागत नाही." आणि मी पेला पिऊन टाकला. मला वाटले, मी चांगला तोडगा काढला.

यशोदाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "मंग बापाले सांग तुह्या, खानखानाच्या घरी पाहुना ये म्हना!"

अक्काने माझ्या हातातून पेला घेतला आणि हंड्यावर पालथा ठेवला. मला वाटले, धुवायचा असेल.

पुढे किल्ल्यात अक्काही आमच्याबरोबर आली. प्रमिलाबाईंनी विचारल्यावर सासूबाईंना नाही म्हणता आले नाही. तिथले न्हाणीघर तापीच्या काठावर आहे. आत अंधार, मधे हौद, आणि घुमटाच्या आतून रंगीत वेलबुट्टी, बरीच उडालेली. पाणी इथेही तेच येत असे. करीमुद्दीन मास्तर म्हणाले, शाहजहानची बेगम मुमताज या गावात राहिली आणि चौदाव्या बाळंतपणात याच गावात वारली. नदीपलीकडच्या बागेत तिला आधी पुरले, मग आग्र्याला नेले. हे मी पुस्तकात वाचलेले होते.

अक्का माझ्या कानाशी म्हणाली, "तिले चौदा झाले तं मेली. मले एक नही तं मी जित्ती हाये. दोघीले बी घरात ठेवू देल्लं नही वं माय." आणि हसली. आबा, ती खरेच हसली, मला तिचे हसणे नीट कळते.

मग मी विचारायचे होते ते विचारले. माझ्यामुळे तुझ्यावर परकी येते आहे का? ती म्हणाली, "येडी का तू? तू सवत होऊन आली असती तं मी कोनाजोळ रडली असती? परकीले शिव्या तं देता येतात." पुढे म्हणाली, "सासू रोज तेच बोलते, बाप पानी पेत नही, बाप पानी पेत नही. तुह्ये भावजी मान खाली घालून ऐकतात. त्याहीले बोलाले जागाच नही. आबाले म्हन, एकडाव ये अन् पानी पिऊन जाय. मले दुसरं काही नको."

मी म्हटले, मी आबांना खानखानाच्या पाण्याचे नीट समजावून लिहीन. ती म्हणाली, "तुले लिहाचं ते लिही."

परतीच्या गाडीत मुली झोपल्या होत्या. सुनंदाने वहीत लिहिले आहे, 'बऱ्हाणपूरचे पाणी जमिनीखालून चालते.' मी त्यावर बरोबरची खूण केली.

मंजुळा


जळगाव, २६ जानेवारी १९३८

आबा,

केळीचे व्यापारी भाईदास काल बऱ्हाणपूरहून आले. ते म्हणाले, रावेरकडची मुलगी पाहिली आहे आणि वसंतपंचमीला सुपारी फुटणार. पौषात करायची नाही एवढ्यासाठीच थांबले आहेत. म्हणजे फार दिवस उरले नाहीत.

म्हणून आता आडवळण न घेता लिहिते.

तुम्ही अक्काच्या घरी पाणी पीत नाही ते तिच्या मानासाठी. लेक दिली, आता तिच्या घरचे काही घ्यायचे नाही, ही त्यातली भावना. तुमच्या आईवडिलांनी तसेच केले. पण तोच मान आता यशोदाबाई उलटा करून तिच्यावर फेकतात. तुम्ही सुरई घेऊन गेलात की त्यांना आणखी एक साक्षीदार मिळतो. तुम्हाला हे कोणी सांगितले नसेल. तुम्ही अंगणात बसता, हे बोलणे आत चालते.

रीत मोडा असे मी तुम्हाला म्हणणार नाही. माझ्यावर आधीच एक मोडल्याचा ठपका आहे. पण मी नीट विचार केला आहे आणि मला वाटते ती मोडावी लागणार नाही. रीत व्याह्यांच्या घरच्या पाण्याची आहे. व्याह्यांच्या घरात विहीर नाही. त्यांचे पाणी सातपुड्यातले, वाट खानखानाने बांधलेली, आणि ते त्यांच्या घरात येण्याआधी अनेकांच्या घरांतून गेलेले. तेव्हा ते पिणे म्हणजे नदीचे पाणी पिण्यासारखे आहे. तापीचे पाणी आपण पितोच, ती कोणाच्या गावावरून आली हे विचारत नाही. मी प्रमिलाबाईंनाही विचारले. त्या म्हणाल्या, युक्तिवादात चूक दिसत नाही. मग म्हणाल्या, "पण तुझ्या बहिणीला विचारलंस का?" मी म्हटले, तिनेच लिही म्हटले आहे.

भिकुबाई आत्या म्हणेल, लोक काय म्हणतील. आत्या, लोकांना हेच सांगता येईल.

आबा, मला घरात घ्या असे मी या पत्रात मागत नाही. त्या गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. तुम्ही माझ्याशी न बोलताही बऱ्हाणपूरला जाऊ शकता. पाचोऱ्याच्या छोट्या गाडीने निघालात तर पुढची गाडी मिळते, वेळापत्रक खाली उतरवले आहे. मास्तरांनी ते दोनदा वाचावे.

मंजुळा


जळगाव, ५ फेब्रुवारी १९३८

आबा,

आज शाळेत सरस्वतीपूजन झाले. मुलींनी पिवळी फुले आणली होती. बऱ्हाणपूरची काही खबर नाही. भाईदास चाळीसगावकडे गेले आहेत.

मी वेळापत्रक पुन्हा तपासले. मागच्या पत्रात एका गाडीची वेळ चुकली होती का अशी शंका आली, पण ती बरोबर होती.

खोलीत बसवत नाही म्हणून लिहिले. दुसरे काही नाही.

मंजुळा


पहूर, ८ फेब्रुवारी १९३८

चि. मंजुळा,

पाटील ओसरीवर बसून सांगत आहेत, मी उतरवतो. शब्द त्यांचेच ठेवले आहेत. मी सुधारून लिहिले की ते परत वाचून घेतात आणि पुन्हा पहिल्यापासून सांगतात. खालचे सगळे त्यांचे.
– पंडित मास्तर

मंजे,

तुह्ये सारे कागद ऐकले. मास्तर खोकला का मी त्याले मांगं नेत व्हतो.

पंचमीच्या आदल्या दिवशी बऱ्हानपूरले गेलो. सुरई घरी ठेवली. भिकी म्हने, दादा, सुरई राह्यली. म्हनलं, राहू दे. ती सुरई घेऊन फाटकालोक मांगं पयत आली.

लालबागच्या टेसनावर टांगेवाल्यानं पानी पेता का म्हनून पुसलं. तहान व्हती, पन नही पेलो. वाटेनं त्या तुह्या विहिरी दिसल्या. टांगेवाला म्हने, पाहता का आबा, दूरदूरचे लोक येतात. म्हनलं, माह्या पोरीनं पाह्यल्या, तिनं लिहिल्या, बस झालं.

घरी पोचलो तं यशोदाबाई ओट्यावर. शेजारच्या बाया बी व्हत्या, दुसऱ्या दिवसाची तयारी करू राह्यल्या व्हत्या. मी अंगनात नही बसलो. चपला काढल्या, ओट्यावर गेलो, अन् मोठ्यानं आवाज देल्ला, ताई, पानी आन वं.

यशोदाबाई म्हने, व्याही, तुमाले काही नातवाची बातमी लागली का? आमाले तं नही.

मी म्हनलं, मले तहान लागली.

ताई तांब्या घेऊन दारात आली अन् तठीच उभी राह्यली. पुढं येईना. तं यशोदाबाई बायाईले म्हने, पेऊ द्या, पेऊ द्या, त्याहीची धाकटी सांगून गेली, हे पानी खानखानाचं हाये, त्याले रीत लागत नही.

बाया हासल्या. ताईनं मान खाली घातली. तवा मले समजलं.

मास्तर, हे बराबर लिही. मी म्हनलं, खानखाना कोन ते मले माहीत नही. त्याच्या घरचं पानी प्याले मी एवढ्या दूर कायले येऊ? मी माह्या लेकीच्या घरी आलो. लेकीच्या घरचं पानी पेतो. अन् सारा तांब्या पेलो. मंग अजून मांगला.

तू एवढी शिकली मंजे, मशिदीतली अक्षरं वाचून आली, पन ताईनं पेला पालथा काहून ठेवला ते तुले नही वाचता आलं. तिले पानी पाजाचं व्हतं वं. तू तिच्या हातचं घेऊन खानखानाच्या नावावर लिहून टाकलं.

तुह्यं वाईट नही म्हनत. तुह्या कागदानंच मी गेलो.

सांजले तोताराम जिनातून आला. आईनं त्याले सारं सांगलं. त्यानं हातपाय धुतले अन् माह्यासमोर येऊन बसला. म्हने, आबा, आता जेवूनच जा. मंग आईले म्हने, उद्याच्या पाहुन्याईले निरोप धाड, येऊ नका म्हना. ती रडली, कपाट आपटलं. तो उठला नही. पुढच्या साली काय करतीन ते मी नही सांगू शकत. यंदाचं बंद झालं. भाकर खाल्ली, रात्री राह्यलो. ताईनं मेथीची भाजी केली व्हती, मीठ जादा पडेल व्हतं. मी बोललो नही.

आखाजीले ताई येनार हाये. झोका बांधतो. तुले यायचं असलं तं ये.

आखरी गोष्ट. लगन न झालेल्या लेकीच्या खोलीत बापानं पानी प्यावं का नही, हे भिकीले पुसलं. ती म्हने, तिले बी माहीत नही, असं अजून कोनी केलंच नही. शिमग्याआधी जळगावच्या बाजारले यायचं हाये. माठ भरून ठेव.

ता. क. मंजुळा, पत्र पाटलांना दोनदा वाचून दाखवले. मी कुठेही खोकलो नाही. शेवटच्या ओळीला पाटील खोकले.
– पं. मा.